फितीच्या काठावरचा आवाज

"मना चित्र नको. मना नुसता आवाज पायजे, आयचा."

कामोठे गावातल्या एका काकूंनी चपला काढता काढताच हे सांगून टाकलं आणि पिशवीतून एक व्हीएचएस कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. त्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नाची. काकूंची आई धवलारीण होती. आगरी लग्नात एकेका विधीला धवले म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्यावाचून लग्नाचं पान हलत नसे. आईचे फोटो घरात चार आहेत, पण आवाज या एका कॅसेटीशिवाय कुठंही नाही. ती आधी एका दुकानात नेली होती. तिथं मशीनमध्ये घातली, टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या आणि "ही गेली, मावशी" असं म्हणून परत मिळाली.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्यानं फक्त पडद्याकडं पाहिलं होतं. व्हीएचएसच्या फितीवर चित्र एका जागी असतं, आवाज दुसऱ्या जागी. चित्र वाचणारं हेड वेगळं, आवाज वाचणारं वेगळं. म्हणून चित्र पार गेलेल्या कॅसेटीतूनही आवाज धड निघू शकतो. हे एवढं ठाऊक नसल्यामुळं किती कॅसेटी कचऱ्यात गेल्या असतील, कोण जाणे.

फितीची रचना लुगड्यासारखी आहे: मधे अंग, दोन्हीकडं काठ. एकूण रुंदी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. अंगावर चित्र. त्याच्या रेघा फितीवर तिरप्या, एकीला लागून दुसरी अशा ओढलेल्या असतात आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीत त्यातली प्रत्येक रेघ जेमतेम ०.०४९ मिलिमीटर रुंद असते. खालच्या काठावर नियंत्रणाच्या खुणा असतात. त्या मोजून मशीन फितीचा वेग सांभाळतं. आणि वरच्या काठावर, १ मिलिमीटरच्या पट्टीत, आवाज.

चित्र वाचायला व्हीसीआरमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या मारत असतो. त्याच्यावर बसवलेली हेडं फितीला सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगानं घासून जातात. त्या हेडच्या फटीत धुळीचा एक कण अडकला तरी पडद्यावर मुंग्या. आवाजाचं हेड मात्र एका जागी गप्प बसलेलं असतं. फीत त्याच्यासमोरून सेकंदाला २३.३९ मिलिमीटर अशा गोगलगायीच्या चालीनं सरकते. आपल्या गाण्याच्या कॅसेटीचा वेग याच्या दुप्पट, सेकंदाला ४७.६ मिलिमीटर. व्हीएचएसचा साधा आवाज गाण्याच्या कॅसेटीहून दबका का वाटतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. आवाज जितका उंच, तितक्या त्याच्या लाटा फितीवर दाटीनं बसतात. सेकंदाला १०,००० कंपनांच्या आवाजाची एक लाट या वेगाला मिलिमीटरच्या चारशेव्या हिश्श्यात बसवावी लागते. त्यापुढचं काही फितीला पकडता येत नाही. झांजेची चमक जाते, 'स' आणि 'श' बोथट होतात. पण बाईमाणसाच्या गळ्याला, बोलण्याला, रडण्या-हसण्याला एवढी जागा पुरते. जुन्या टेलिफोनवर ३४०० कंपनांपर्यंतच आवाज यायचा आणि तेवढ्यावर लोकांनी लग्नं ठरवली.

आवाजाची आणखी एक जागा काही फितींवर असते, आणि ती मोठी गमतीची आहे. जपानच्या जेव्हीसीनं व्हीएचएस १९७६मध्ये बाजारात आणलं. पुढं १९८०च्या दशकात 'हाय-फाय' व्हीएचएस आलं. त्यात फिरत्या ड्रमवरच आवाजाची वेगळी हेडं बसवली आणि आवाज थेट चित्राच्या पट्ट्यात घातला. दोन्ही एकाच जागी मावतात कसे? शेतकऱ्याला हे लगेच कळेल: आधी खोल नांगरट, मग वरून कुळवणी. आवाजाचं हेड आधी फितीच्या थरात खोलवर लिहून जातं, लगेच मागून येणारं चित्राचं हेड वरच्यावर लिहितं. वाचताना हेडच्या फटींचे कोन वेगळे असल्यामुळं एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही. हा आवाज २०पासून २०,००० कंपनांपर्यंत, जवळजवळ सीडीच्या तोडीचा. पण चित्राला धरून असलेला, म्हणून चित्र बिघडलं की हाही फडफडतो, आणि मशीन गुपचूप काठावरच्या साध्या आवाजावर येतं.

याचा लग्नाच्या कॅसेटींशी संबंध आहे. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, व्हीसीआर आले, आणि दशक संपता संपता खांद्यावर कॅमेरा आणि मागं लाइट धरणारा पोऱ्या ही जोडी प्रत्येक मांडवात दिसायला लागली. कॅसेट घरी देण्यापूर्वी व्हिडिओवाला 'मिक्सिंग' करायचा: मूळ आवाज पुसून त्यावर हिंदी सिनेमातली गाणी. नवरी निरोप घेतेय, सगळ्या बाया रडताहेत, आणि आपल्याला ऐकू येतो तो कुठला तरी पार्श्वगायक. मला या मिक्सिंगचा राग आहे. पण त्यात एक फट आहे. 'ऑडिओ डब'चं बटण फक्त काठावरचा आवाज पुसून नवा घालतं. खोलवरच्या हाय-फाय आवाजाला ते हात लावू शकत नाही, कारण तो पुसायचा तर चित्रही पुसलं जाईल. तेव्हा मूळ चित्रण हाय-फाय मशीनवर झालं असेल आणि गाणी त्याच कॅसेटीवर मागून घातली असतील, तर खाली मांडवातला खरा आवाज शाबूत असू शकतो. हाय-फाय मशीनच्या मेनूत 'हाय-फाय', 'नॉर्मल', 'मिक्स' असे पर्याय असतात. कॅसेट मिक्सिंगची आहे म्हणून टाकून देण्याआधी 'हाय-फाय' आणि 'नॉर्मल' या दोन्ही पर्यायांवर पाच-पाच मिनिटं ऐकून बघावं. बहुतेक वेळा निराशा होईल, कारण लग्नातले बरेचसे कॅमेरे साध्या आवाजाचे होते आणि हाती मिळालेली कॅसेट ही संपादित प्रत असायची. पण पाच मिनिटांनी काय बिघडतं?

काकूंच्या कॅसेटीवर मिक्सिंग नव्हतं. तिच्यावर वेगळीच आफत होती.

कामोठे खाडीच्या कुशीतलं गाव. सिडको स्थापन झाली १९७०मध्ये, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घ्यायचं ठरलं, त्यातलं हे एक. आता गावाच्या चहूबाजूंनी सेक्टर आहेत, मानसरोवर स्टेशन आहे, २०१६पासून पनवेल महापालिका आहे. हवा मात्र खाडीचीच राहिली. जून ते सप्टेंबर चामड्याच्या पट्ट्यावर इथं बुरशी धरते, मग माळ्यावरच्या कॅसेटीवर का नाही धरणार? कॅसेटीच्या पारदर्शक खिडकीतून बघितलं तर रिळावर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं. ती बुरशी. अशी कॅसेट तशीच मशीनमध्ये घालायची नाही. ती भुकटी ड्रमवर, रबरी चाकावर, हेडवर बसते आणि तुमच्या पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. शिवाय बुरशीनं थर एकमेकांना चिकटले असतील तर फीत सरळ फाटते.

मी ती कॅसेट आठ दिवस डब्यात ठेवली, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. मग गच्चीत, तोंडाला मास्क लावून, पाच स्क्रू काढून उघडली. (घरात हे करू नये, दम्याच्या माणसानं तर अजिबात करू नये.) रिळं काढून एका जुन्या, चांगल्या, तशाच मापाच्या कॅसेटीच्या डब्यात बसवली. एक निकामी व्हीसीआर केवळ गुंडाळण्यासाठी ठेवलाय; त्यात फीत मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीमधून हळूहळू पुढं-मागं गुंडाळली. कापड तीनदा बदललं. घाईचं काम नाही हे. नंतर बघतो तर फितीच्या अंगावर ठिकठिकाणी डाग पडलेले, वरचा काठ मात्र बराच वाचलेला. नशीब म्हणायचं, काठ आधी खराब होतात असाच सर्वसाधारण अनुभव.

आता मशीन. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी फुनाई. तिनं जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळं आज कॅसेटीपेक्षा मशीन दुर्मीळ झालंय. ओळखीपाळखीत विचारावं, नाहीतर चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालावा. मिळालेल्या मशीनचे रबरी पट्टे सुकलेले असतात, म्हणून पहिली कॅसेट घरातली नको. एखाद्या पडेल सिनेमाची घालून बघायची, मशीननं फीत खाल्ली तर हळहळ नको. नुसता आवाज हवा असेल तर एक सोय आहे: साफ करायचं ते मुख्यतः एका जागी बसलेलं आवाजाचं हेड आणि फितीचा मार्ग. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हेड पुसलं की झालं. फिरत्या ड्रमला मात्र कापसाची काडी लावायची नाही. तिचा तंतू व्हिडिओ हेडमध्ये अडकला की हेड मोडतं.

आणि इथं एक खोडी असते, जिच्यापायी मी पूर्वी एक संध्याकाळ वाया घालवली. चित्र सापडेनासं झालं की बरीच मशीनं पडदा निळा करतात आणि सोबत आवाजही बंद करतात. माणसाला वाटतं आवाज नाहीच. तो असतो, मशीननंच तोंड दाबलेलं असतं. काही मशीनच्या मेनूत ही निळ्या पडद्याची सोय बंद करता येते. येत नसेल तर जुनं, साधं, मुंग्या दाखवणारं मशीन बरं. यंत्र जितकं कमी शहाणं तितकं या कामाला चांगलं, असं माझं मत होत चाललंय.

जोडणी सोपी आहे आणि तिथंच सगळे चुकतात. व्हीसीआरच्या मागं पिवळी, पांढरी, लाल अशी भोकं असतात. पिवळं चित्राचं, पांढरं-लाल आवाजाचं. साध्या मशीनला आवाजाचं एकच. तिथून तार काढून लोक ती लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात खुपसतात. त्या भोकात माइक चालतो, म्हणजे काही मिलिव्होल्टांची अपेक्षा. व्हीसीआर पाठवतो साधारण पाव-अर्धा व्होल्ट. चमच्यानं पाणी पाजायच्या बाळाच्या तोंडात नळी घातल्यासारखं होतं. आवाज फाटतो, वर एकाच बाजूचा येतो. 'लाइन-इन' असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं. चित्र-आवाज दोन्ही घेणाऱ्या स्वस्त यूएसबी काड्या मिळतात. चित्रही हवं असेल तर त्या ठीक, पण त्यांच्यातला आवाजाचा भाग बहुधा कामचलाऊ असतो. अशा वेळी चित्र काडीतून आणि आवाज वेगळ्या कार्डातून एकाच वेळी घ्यावा, म्हणजे फीत एकदाच चालते. चित्रासकट फाइल आधीच केलेली असेल तर एफएफएमपेग नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं तिच्यातला आवाज जसाच्या तसा बाजूला काढता येतो. पुन्हा कॅसेट चालवायची गरज नाही.

जोडल्यावर 'घूंऽऽ' असा संथ आवाज आला तर तो कॅसेटीचा नसून घरातल्या विजेचा, सेकंदाला ५० कंपनांचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, नव्वद टक्के वेळा जातो. टक्केवारी माझ्या अंदाजाची आहे, पण उपाय खरा.

रेकॉर्डिंगला मी ऑडॅसिटी वापरतो. १९९९मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी सुरू केलेला, फुकट मिळणारा प्रोग्रॅम. ४८,००० नमुने, २४ बिट, वेव्ह फाइल. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची संघटना किमान एवढं ठेवायला सांगते. स्टिरिओ असेल तर मिनिटाला सुमारे १७ एमबी, तीन तासांना ३ जीबीच्या आसपास. पातळी अशी ठेवायची की सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे थांबेल. फीत थोडा जास्तीचा आवाज पोटात घेते. कॉम्प्युटर घेत नाही, शून्याच्या वर गेलेलं सपाट कापून टाकतो आणि ते परत येत नाही. सुरू करण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं आणि एकदा पूर्ण मागं गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत सैल होते. मग तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. यात घाईची पळवाट नाही.

काकू स्वतः येऊन बसल्या. पहिली दहा मिनिटं बँजो पार्टी. कॅमेऱ्याच्या माइकला आवाजाची पातळी आपोआप सांभाळायची सवय असते: बँजो कडाडला की माइक कान झाकून घेतो आणि बाकी सगळं बुडतं. मधेच कॅमेरावाल्याचं "लाइट वर धर रे" अगदी कानाशी, कारण माइकला सगळ्यात जवळचा तोच. बँजो थांबला. क्षणभर काहीच नाही. मग माइक हळूहळू पुन्हा कान उघडतो तशी पार्श्वभूमीची खरखर वर चढत गेली, बांगड्या ऐकू आल्या, कुणी तरी पोराला दटावलं, आणि त्या सगळ्याच्या मागून, मांडवाच्या पलीकडच्या टोकाकडून, धवला सुरू झाला. एक आवाज पुढं, दोन मागून ओढणारे. काकूंनी पुढचा आवाज येताच मांडीवर बोटानं ठेका धरला. पडद्यावर तेव्हाही मुंग्याच होत्या.

धवला अकरा मिनिटांचा निघाला. मी त्याची एक मूळ प्रत तशीच, खरखरीसकट, ठेवून दिली आणि साफसफाई दुसऱ्या प्रतीवर केली. ५० कंपनांची घरघर आणि तिच्या पटीतल्या १००, १५० वगैरे सुरांना बारीक कात्री लावली. मग गाणं नसलेल्या दोन सेकंदांतली खरखर प्रोग्रॅमला 'ही ओळख' म्हणून दाखवली आणि तेवढी कमी केली. पूर्ण घालवली नाही. घालवायला गेलं की बाई पाण्याखालून गातेय असं वाटायला लागतं, आणि बांगड्याही जातात. साफसफाईच्या नादात जास्त घासू नये. नंतर ती प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, नाहीतर तिथं आवाज आणखी दाबला जाण्याची भीती. मूळ फाइल दोन ठिकाणी आहे, त्यातली एक काकूंच्या मुलाकडं, दुसऱ्या गावात.

महाराष्ट्रात बायांच्या गळ्यातलं जपण्याचं सर्वांत मोठं काम झालं ते जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यातल्या कित्येक ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर लोकांसमोर येत आहेत. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव असतं. घरातल्या फाइलीला आपण 'न्यू १', 'ऑडिओ फायनल' अशी नावं देतो. त्यामुळं धवल्याच्या फाइलीला नाव देताना मी काकूंना विचारलं. त्यांनी आईचं नाव, माहेर-सासरची दोन्ही गावं, लग्नाचा महिना आणि साल सांगितलं. शिवाय मागून ओढणाऱ्या दोघींची नावंही. त्या दोघींना आवाजावरून ओळखणारं घरात आता काकूंशिवाय कुणी नाही. ही सगळी माहिती मी फाइलीतच लिहून ठेवली.

युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या संघटनेनं २०१९मध्ये जगाला चुंबकीय फितींबद्दल धोक्याची सूचना दिली. कारण फिती कुजतात एवढंच नव्हतं. त्या वाजवणारी यंत्रं आणि दुरुस्त करणारी माणसं संपत चालली होती. तेव्हा मे महिन्यात माळा काढाल, तर कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी उजेडाला धरून खिडकीतून रीळ बघा. पांढरं दिसलं तर ती वेगळ्या पिशवीत ठेवा. आणि कॅसेटीच्या कण्यावर, डाव्या टोकाला, एक छोटी प्लॅस्टिकची टिकली असते. ती अजून मोडलेली नसेल तर आधी मोडून टाका. ती असेपर्यंत चुकून दाबलेल्या एका बटणानं सगळं पुसलं जाऊ शकतं.